हौदाच्या झाकणावरचा दगड

अमरावती
२२ एप्रिल २०२४

चि. रवी,

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोन म्हणजे आपल्या दोघांचा छळ झाला आहे. मी इकडून जेवलास का विचारते आणि तू तिकडून अकोल्याचं तापमान सांगतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. जन्मभर मी पोरांच्या वह्या तपासल्या, आता माझं अक्षर तू तपास.

काम आहे आणि घाईचं आहे. आमच्या सहजीवन लेआउटमधलं मोकळं मैदान, माझ्या फाटकासमोरचं, तू पाहिलं आहेस. पूर्वी तिथे बाभळी आणि प्लास्टिकच्या पन्न्यांशिवाय काही नव्हतं. मग एका पावसाळ्यात यांनी तिथे बहाव्याचं रोप लावलं. लोक हसले. काळी माती आमची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रोप जगणार कसं? पण देवमनभाऊंनी खड्डा खणून दिला आणि रोज घरच्या बोअरचं पाणी घातलं. ते बडनेऱ्याला रेल्वेत जड सामान हलवणारे खलाशी होते, निवृत्त होऊन आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बहावा जगला, तसं घराघरानं एकेक झाड घेतलं. आज एकेचाळीस झाडं आहेत. हे गेल्यावर मी दिवसातून दोनदा तिथे जाते. दुसरीकडे कुठे जात नाही. एवढं सांगितलं म्हणजे तुला कळेल.

परवा पेपरात जाहीर नोटीस आली. लेआउट पाडणाऱ्याचा नातू पियुष म्हणतो, ही जागा आम्ही कधी कुणाला सोपवलीच नव्हती, ती आमचीच आहे आणि आम्ही प्लॉट पाडून विकणार. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

लखोट्यात सगळं आहे. मैदान मोकळं दाखवलेल्या मंजूर नकाशाची नक्कल, नोटिशीचं कात्रण, एकशे बारा सह्या. पहिली सही माझी. तू हरकत पाठव आणि दावा लाव. मी सगळ्यांना सांगून बसले आहे की माझा भाऊ वकील आहे, निवांत झोपा.

तुझी,
ताई


अकोला
४ मे २०२४

ती. ताईस नमस्कार,

लखोटा मिळाला. अक्षर अजून मोत्यासारखं आहे, मजकूर मात्र दरडावणीचा. हरकतीचं मी बघतो.

पण तुला खरं सांगतो, दाव्यावर फार विसंबू नकोस. तारखा पडत राहतील आणि तोवर पियुषचं जेसीबी येऊन जाईल. उभ्या झाडावर स्थगिती मिळते, पडलेल्या झाडावर मिळत नाही.

हिवरखेडचं आठवतं का? शाळेच्या मागच्या भिंतीशी गावभरचे पुरुष उभे राहायचे. मास्तरांनी पाटी लावली, दंड लावला, काही होईना. मग अप्पांनी एक दगड शेंदूर फासून भिंतीशी ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी. आपल्या आईनं विचारलं, भटजी असून असं करता? तर अप्पा म्हणाले, प्राणप्रतिष्ठा केली नाही तोवर दगड तो दगडच, मी फक्त शेंदूर लावला.

तू भटजीची मुलगी आहेस. बाकी काय सांगू?

तुझा,
रवी


अमरावती
२७ मे २०२४

चि. रवी,

केलं.

पत्र वाचून आधी तुझा राग आला. मी कायदा मागितला आणि तू शेंदूर सांगितलास. पण पंधरा दिवस सरले आणि तिसऱ्याच दिवशी पियुषची माणसं मोजमाप करून चुन्याच्या रेघा मारून गेली. एक रेघ बहाव्याच्या बुंध्याला चाटून गेली होती. मग मला राहवेना.

आमच्याकडे सध्या बारा ते चार कुत्रंसुद्धा बाहेर नसतं. सगळे कूलरसमोर आडवे. तसल्या उन्हात अंगणातल्या हौदाच्या झाकणावरचा काळा दगड उचलला. वाऱ्यानं झाकण उडू नये म्हणून ठेवलेला, नारळाहून थोडा मोठा. अप्पांच्या पूजेच्या पेटीत उरला होता तेवढा सगळा शेंदूर तेलात कालवून त्याला लावला आणि मैदानाच्या मधोमध असलेल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवला. रुईची दोन पानं वाहिली. घरी येऊन हात घासले तरी नखांतला शेंदूर दोन दिवस जाईना. मी मेंदी लावल्यासारखा पदरात हात लपवून फिरले.

संध्याकाळी देवमनभाऊ पाणी घालायला गेले आणि तिथेच बसले. मला हाक मारली. म्हणाले, "बाई, मारुतीराया सोताहून आला. आता कोन हात लावते झाडाले, पाहू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काल जेसीबी आलं. ड्रायव्हरनं दगड पाहिला, चपला काढल्या, पाया पडला आणि मशीन वळवून निघून गेला. पियुष फोनवर ओरडत होता म्हणे. मी घरात येऊन हसले आणि मग रडले. एवढं सोपं होतं तर आम्ही एकशे बारा सह्या कशाला घेतल्या?

हरकतीची पोच आली असेल तर पाठव. फाईलला लावते.

ताई


अकोला
८ जून २०२४

ती. ताई,

वा. अप्पा असते तर त्यांनी तुला दक्षिणा दिली असती.

आता दोन गोष्टी. हे कुणाला सांगू नकोस, देवमनलाही नाही. आणि माझं मागचं पत्र फाडून टाक. पोचेचं काय घेऊन बसलीस? जागा वाचली, काम झालं. चारुता विचारते, आत्या दिवाळीला येणार का?

रवी


अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

चि. रवी,

दिवाळीला आले नाही, कारण इथून हलायची भीती वाटते. आठ दिवस गेले की मैदान बदललेलं असतं.

करायला गेले बगिचा आणि झाला मारुती. पावसाळ्यात कुणी दगडाखाली ओटा बांधला. मग वर टिनपत्रे आले. पत्र्यांना खांब हवेत म्हणून करंजाच्या दोन फांद्या गेल्या. दर शनिवारी रांग लागते. चपला ठेवायला जागा हवी म्हणून बकुळीभोवतीचं आळं बुजवून तिथे सिमेंटचे गट्टू बसवले. बकुळी वाळली. पहाटे पाच वाजता भोंगा सुरू होतो. पूर्वी त्या वेळी भारद्वाज ओरडायचा, आता तो दिसतच नाही.

कमिटी झाली आहे. अध्यक्ष गोवर्धन, चौकातला टाइल्सवाला. त्यानं फरशी फुकट दिली आणि आपलं नाव कोरून घेतलं. माणूस वाईट नाही, पण त्याला मोकळी जमीन बघवत नाही. मी म्हटलं, गोवर्धनभाऊ, झाडांच्या मुळांना पाणी कुठून जाणार? तर म्हणाला, "मॅडम, झाडं काय, कुठंबी येतात. देव कुठंबी येत नाही."

देवमनभाऊंनी दुसरी बकुळी लावली, तीही लोकांनी तुडवली. तरी ते रोज आधी दगडाला पाणी घालतात, मग झाडांना. आणि मी, जिनं तो दगड हौदावरून उचलून नेला, ती शनिवारी रांगेबाहेर उभी राहून बघते. कुणाला काय सांगू? देवमनभाऊंना काय सांगू?

हरकतीची पोच पाठव. दुसऱ्यांदा मागते आहे.

ताई


अमरावती
२० फेब्रुवारी २०२५

रवी,

तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना?

पियुषनं जागा मंदिराला दान दिली. रजिस्ट्री झाली. बोलताना डोळे पुसत होता. बदल्यात प्रवेशद्वाराला त्याच्या आजोबांचं नाव आणि रस्त्याकडच्या बाजूला सात दुकानं, देवस्थानाच्या उत्पन्नासाठी म्हणून, पण चालवणार तोच. उरलेल्या जागेवर सभामंडप. नकाशा ओट्यावर चिकटवला आहे. मी चष्मा लावून पाहिला. त्यात एकच झाड आहे, दगडावरचा कडुलिंब. देव तिथे प्रकटला म्हणून ते ठेवणार. बाकी सगळ्या बुंध्यांवर परवा लाल फुली मारली. वाळलेल्या बकुळीच्या जागची नवी काडी धरून चाळीस फुल्या. तोडायची परवानगी काढली का विचारलं, तर लोक माझ्याकडे असे बघतात जणू मी देवाला पावती मागितली.

यांच्या बहाव्याला यंदा पहिल्यांदा फुलं धरतील असं देवमनभाऊ म्हणतात. सात वर्षं वाट पाहिली. फुली नेमकी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आहे.

लेआउटमध्ये अजून पंधरावीस घरं माझ्या बाजूची आहेत, पण देवाच्या विरोधात कोण बोलणार? आता फक्त आपली हरकत उरली. ती मुदतीत गेली असेल तर दान देणारा मालकच नव्हता असं म्हणता येईल, हे तुझ्याकडूनच शिकले. पोच पाठव रवी. पाया पडते तुझ्या. मोठी असून पडते.

ताई


अकोला
३ मार्च २०२५

आत्या, नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी वाचलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. विचारलं तर सांगेनात. आज त्यांच्या टेबलाचा खण आवरताना तुमचा मागच्या एप्रिलचा जाड लखोटा सापडला. नकाशा, कात्रण, सह्या, सगळं त्यातच आहे. टाचणीसुद्धा निघालेली नाही. हरकत पाठवलीच नव्हती, आत्या.

हे तुमच्यापासून लपवणं मला जमणार नाही, म्हणून त्यांना न सांगता लिहिते आहे. रागवा, पण त्यांच्याशी बोलणं तोडू नका. ते बरे नाहीत.

चारुता


अमरावती
९ मार्च २०२५

रवी,

चारुताचं पत्र आलं. तिला बोलू नकोस, ती घरातली एकटी खरं बोलणारी आहे.

वर्षभर तू मला खोटं लिहिलंस. मी मूर्खासारखी पोच मागत राहिले. एकशे बारा माणसांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या आणि मी तुझ्या शब्दावर. तुला जमत नव्हतं तर पंधरा दिवसांत सांगायचं होतं, मी दुसरा वकील पाहिला असता. त्याऐवजी तू मला दगड ठेवायला सांगितलास. मी तो ठेवला, हे माझं पाप. पण तो का सांगितलास, हे मला आज कळलं.

का केलंस, एवढंच लिही.

ताई


अकोला
२४ मार्च २०२५

ताई,

लिहितो. चार कागद फाडून हा पाचवा.

तुझं पत्र आलं त्याच्या दीड वर्ष आधीच मी कोर्ट सोडलं होतं. एका तारखेला न्यायाधीशांनी मला तीनदा तोच प्रश्न विचारला आणि मी तिन्ही वेळा भलतंच उत्तर दिलं. माझा अशील मागून माझा कोट ओढत होता. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. त्या दिवशी कोट खुंटीला टांगला. घरी सांगितलं नाही. रोज अकराला बॅग घेऊन निघतो आणि बागेत एका बाकावर संध्याकाळपर्यंत बसतो. वर मोठा शिरीष आहे. ऊन लागत नाही, कुणी काही विचारत नाही.

तुझा लखोटा उघडला तेव्हा वाटलं, हे एक काम करू. मग वाटलं, उलटतपासणीत ऐकू आलं नाही तर एकशे बारा माणसांचं वाटोळं होईल. दुसऱ्या वकिलाकडे द्यायला निघालो तर तो विचारणार, तुम्ही का नाही? रोज उद्या म्हणत पंधरा दिवस गेले. तुला तोंड दाखवायला काहीतरी हवं म्हणून अप्पांची गोष्ट लिहिली. मला लपायला झाड मिळालं आणि तुझी झाडं मी घालवली. याची लाज वाटते, ताई. याहून मोठा शब्द माझ्याकडे नाही.

आता काय उरलं ते लिहितो. तुमच्या अमरावतीच्या एका वकील मुलीला मी सगळी कागदपत्रं पाठवली. ती म्हणते, दावा लागेल, पण स्थगितीची खात्री नाही. समोरचे विचारतील, मंदिर उभं राहताना तुम्ही वर्षभर कुठे होता? आणि हरकत घेणारी पहिली सही जिची, दगड ठेवणारे हातही तिचेच, हे बाहेर आलं तर सगळंच गेलं. म्हणून ते बाहेरून येण्याआधी तूच सांग. चारचौघांत सांग, मी हा दगड ठेवला, हा देव नाही. लोक चिडतील, पण निदान थांबून विचार तरी करतील. मला दुसरं काही सुचत नाही.

बोलावशील तर येईन.

रवी


अमरावती
१८ एप्रिल २०२५

चि. रवी,

सांगितलं.

हनुमान जयंतीला महाप्रसाद होता, चारपाचशे माणूस. गोवर्धन म्हणाला, मॅडम, दोन शब्द बोला. मी माइक घेतला. आवाज शाळेतला निघाला. म्हटलं, हा दगड माझ्या हौदाच्या झाकणावरचा आहे. शेंदूर मी लावला. मागच्या मे महिन्यात भर दुपारी मी तो इथे आणून ठेवला, झाडं वाचावीत म्हणून. यात देव मी आणला नाही. मला शिक्षा करा, पण झाडं तोडू नका.

मला वाटलं, आता कुणीतरी चप्पल फेकेल. तू लिहिलंस तसं लोक चिडतील, थांबतील. कुणी चिडलं नाही, रवी. पहिल्या ओळीतल्या दोन बायका उठल्या आणि माझ्या पाया पडल्या. गोवर्धननं माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "पाहा, मारुतीरायानं सेवेले कोन निवडलं. भर उन्हात बाईच्या हातून सोताले आनून घेतलं." मग टाळ्या, मग जयजयकार. माझ्या गळ्यात हार घातला. प्रवेशद्वारावर पियुषच्या आजोबांच्या खाली माझं नाव घालायचं ठरलं. दगड तर ते मंदिराच्या पायाभरणीत घालणार आहेत, जयपूरहून संगमरवरी मूर्ती निघालीसुद्धा.

मी हार घालूनच घरी आले आणि पायरीवर बसून राहिले. आयुष्यात एकदा चारचौघांत खरं बोलले आणि त्याचाच सभामंडप झाला. एवढी एकटी मी हे गेले तेव्हाही नव्हते.

संध्याकाळी देवमनभाऊ आले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, भाऊ, मला माफ करा, तुम्ही वर्षभर माझ्या दगडाला हात जोडलेत. ते खाली बसले. म्हणाले, "बाई, तो दगड मले वळखू आला नसन काय? साहेबायच्या बहाव्याचा खड्डा खांदला, तवा म्याच तर काहाडला होता तो. तुमच्या हौदावर म्याच आनून ठेवला."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? रडलात का त्या दिवशी?

"बाईनं झाडासाठी एवढं केलं म्हनून रडू आलं. आन् बोललो असतो तं जेसीबी फिरलं असतं. झाडं वाचून राहिले होते ना."

आम्ही दोघं वर्षभर एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. त्यांनी खरं दडवलं, मी खरं दडवलं, तूही दडवलंस. आणि मी ते उघड केलं तर कुणाला नकोच होतं.

सोमवारी, अठ्ठावीस तारखेला, करवतवाले येणार. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन. वकील मुलीनं दावा लावला आहे, पण पहिली तारीख पाच मेची आहे. बहावा फुलला आहे. अख्खा पिवळा झाला आहे, खाली सडा पडतो आणि त्यावरून लोक नारळ घेऊन जातात.

काल सकाळी फाटक उघडलं तर अंगणात दगडांचा ढीग. देवमनभाऊ घाम पुसत उभे. नाल्यातून, रस्त्याच्या कामावरून, कुठून कुठून हातगाडीवर आणलेले. काळे, नारळाएवढे. ते म्हणाले, "एका दगडानं एक झाड वाचलं, बाई. मंग चाळीसाले चाळीस."

मी नाही म्हटलं. दिवसभर नाही म्हटलं. मला कळतं रे, हे काय आहे. आगीतून फुफाट्यात जाणं आहे. उद्या चाळीस ओटे होतील, चाळीस पत्रे लागतील, प्रत्येक दगडाचा कुणीतरी गोवर्धन निघेल आणि तो आधी आळंच बुजवेल. अप्पा असते तर माझं तोंड पाहिलं नसतं. जे निस्तरता आलं नाही तेच मी पुन्हा करायला निघाले आहे, चाळीस पटीनं.

पण करवतवालासुद्धा चपला काढणारा माणूस आहे. सोमवारी तो वळून गेला तर तारखेपर्यंत झाडं उभी राहतील. उभ्या झाडावर स्थगिती मिळते, हे तूच लिहिलं होतंस. मला सोमवारच्या पुढचं आता दिसत नाही. संध्याकाळी मी त्यांना हो म्हटलं.

तुला माफ केलं असं लिहिणार नाही, कारण अजून केलेलं नाही. पण तू ये. सव्वीसला, शनिवारी ये, सकाळच्या गाडीनं. बडनेऱ्याला उतर, देवमनभाऊ स्टेशनच्या फाटकाशी उभे असतील. तुला ऐकू येत नाही आणि ते फार बोलत नाहीत, तुमचं जमेल. रविवारी बारा ते चार लेआउट झोपलेला असतो. तिघांत चाळीस दगड होतील.

येताना शेंदूर आण. अप्पांच्या पेटीतला तेव्हाच संपला आणि इथे एकदम एवढा मागितला तर दुकानदार विचारेल. चाळीस झाडांना पुरेल एवढा आण. तेल घरात आहे.

ताई